दस्त्याचं माप

"हात सरळ नको, साहेब. कोपरात मोडा. हां, अस्सा. कुणाला तरी चहाचा कप देताय असं समजा."

मी नसलेला कप नसलेल्या माणसाला देऊ लागलो. कासम मिस्त्रींनी माझ्या कोपराच्या खोबणीत शिंप्याची फीत दाबली, तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत ओढली आणि आकडा वाचला. मग विश्वास न बसल्यासारखा पुन्हा वाचला.

"पावणेपंधरा इंच."

"पावणेपंधरा!" सासरे खुर्चीत मागं रेलले. "प्राध्यापक, हात हाय का काकडीचा येल? देवानं बंदुकीपायी दिला होता ह्यो हात. तुम्ही खडू धरून फुकट घालवला बगा."

ही एकाहत्तर सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. कोल्हापुरात बंदुकांचं एक जुनं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत कासम मिस्त्री बसत. पुढच्या दुकानात बंदूक विकत मिळे, मागच्या खोलीत ती माणसाच्या मापाची होई. दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मिस्त्री ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे कापून देत. माझे सासरे भुजंगराव देसाई यांचा या मापावर फार विश्वास. "दुसऱ्याच्या मापाची बंदूक वापरायची म्हंजी दुसऱ्याची कवळी लावून जेवायचं," असं ते म्हणत.

मी सांगलीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. डोळ्यांवर उणे सहाचा चष्मा. तोवर मी मारलेला सर्वांत मोठा प्राणी झुरळ होता, आणि तेही नंतर उठून निघून गेलं होतं. विजयमालेशी लग्न होऊन पाच महिने झाले होते आणि पहिला दिवाळसण तोंडावर आला होता.

देसायांच्या घरात दिवाळसणाला जावयाला अंगठी नाही, घड्याळ नाही, रायफल देत. चंदगडच्या डोंगरात आंबेखोल हे त्यांचं गाव. पाडव्याला सकाळी तिथं हाका निघे, म्हणजे डबे-ढोल बडवून सावज बंदुकीपुढं हाकलत आणत. रानडुकरं भाताची नासाडी करत, त्यामुळे शिकारीला निमित्त आयतंच होतं. हाक्याचा पहिला बार नव्या जावयाचा. थोरले जावई रणनवरे यांनी आपल्या वेळी एक डुक्कर पाडलं होतं, आणि मेल्यानंतर गेली नऊ वर्षं ते दर दिवाळीला थोडं थोडं वाढत होतं. मधले जावई इंगवले यांनी मात्र "रायफल नको, स्कूटर द्या" म्हटलं. सासऱ्यांनी एका शब्दानं नकार न देता स्कूटर दिली. त्या दिवसापासून इंगवल्यांना त्या घरात नाव उरलं नाही. ते स्कूटरवाले झाले. विजयमालेची मधली बहीण माहेरी आली की दोन दिवसांत परत जायची. कारण तिसऱ्या दिवशी पंगतीत कुणीतरी विचारायचंच, "काय अक्का, पेट्रोल पुरतंय न्हवं?"

हे सगळं विजयमालेनं मला सांगलीहून येताना यष्टीत सांगितलं होतं. शेवटी म्हणाली होती, "तुम्ही नको म्हणालात तर मी काही बोलणार नाही."

बायको काही बोलणार नाही म्हणते तेव्हा काय समजायचं असतं, हे तर्कशास्त्रात शिकवत नाहीत. पण मला समजलं. मी रायफल घेणार होतो आणि पाडव्याला आंबेखोलच्या समस्त पुरुषांसमोर ती झाडणार होतो. तिचं माहेर राहणं न राहणं त्या एका बारावर होतं.

"आता पसंत करा," सासरे म्हणाले. टेबलावर तीन रायफली आडव्या ठेवल्या होत्या, तीन मुली दाखवण्याचा कार्यक्रम असावा तशा. "घ्या की हातात. चावत न्हाईत."

पहिली सरकारी कारखान्यातली, नवीकोरी. मी उचलली आणि लगेच ठेवली, कारण ती उचललेली राहीना. दुसरी कुठल्याशा संस्थानिकाची. दस्त्यावर चांदीचं नक्षीकाम होतं.

"हिनं वाघ मारलाय," सासरे आवाज खाली आणून म्हणाले.

"एकटीनं नाही, आबासाहेब," कासम मिस्त्री कानशीत फुंकर मारत म्हणाले. "बरोबर सात बंदुका होत्या. वाघानं कुणाची गोळी लागून घेतली ते त्यानं सांगितलं नाही."

तिसरी जुनी जर्मन होती. साधी, आखूड नळीची, दस्त्याला चरे पडलेली. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आनि दुर्बीण मोठी लावा," त्यांनी फर्मावलं. "ह्यांच्या डोळ्यावर आधीच एक भिंग हाय. त्येच्यावर आणि एक. म्हंजी दुप्पट दिसंल."

मी तर्कशास्त्राचा माणूस असल्यानं यावर काही बोललो नाही. मिस्त्रींनी पेटीतून हातभर लांब दुर्बीण काढून सुटीच माझ्या हातात दिली. मी ती खिडकीतून समोरच्या केशकर्तनालयाकडे रोखली. मला एक 'क' दिसला. नुसता क, घराएवढा. हात हलला आणि मी थेट एका गिऱ्हाइकाच्या कानात गेलो.

"काय दिसलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कान."

"कुणाचा?"

"ते कळायला पुन्हा चष्म्यानं बघावं लागेल, मामा."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्कूटरचा विचार त्यांच्याही मनाला चाटून गेला असावा. तेवढ्यात पुढच्या दुकानातून कुणीतरी "भुजंगराव!" म्हणून आरोळी दिली. त्यांचे निपाणीचे तंबाखूवाले मित्र आले होते. "दोन घटका बसून ठरवा," असं मला बजावून सासरे मित्राच्या खांद्यावर हात टाकून चहाला गेले.

खोलीत मी, मिस्त्री आणि दाराशी बाकावर बसलेली विजयमाला. ती साडी घ्यायच्या निमित्तानं आली होती. साडी घेऊनही झाली होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. आता ती उठली, साडीचं पुडकं माझ्या हातात दिलं आणि टेबलाशी गेली.

तिनं तिसरी रायफल उचलली. बोल्ट मागं ओढून आत करंगळी घालून काडतूस नसल्याची खात्री केली. नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटून आरपार पाहिलं. बोल्ट लावला. पदर खोचून रायफल खांद्याला लावली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर धरली. रायफल शहाण्यासारखी तिथं थांबली. माझ्या हातात पहिली तर उचललेलीही राहिली नव्हती.

"दस्ता लांब आहे," ती भिंतीला म्हणाली. "चाप चांगला आहे. अडत नाही."

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली.

"ताईसाब, किती वर्षं?"

"चौदाव्या वर्षापासून."

"उस्ताद कोण?"

"कुणी नाही. दादाला मचाणावर झोप लागायची."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, संग्राम. भात पिकलं की तो रानात राखणीला मचाणावर बसे आणि ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन जाई. तो जेवून घोरायला लागे. मग डुकरं येत. एकदा तिनं त्याच्या उशाची बंदूक उचलली. बार ऐकून गाव पळत आलं, दादा दचकून उठला, आणि सासऱ्यांनी त्याला तिथल्या तिथं मिठी मारली.

"तो सांगणार होता," ती म्हणाली. "पण आबा रडत होते हो आनंदानं. मग तो गप्प बसला. मग मीही बसले. पुढचा हंगाम आला, पुन्हा तसंच. अशी सात."

ती सात मला ठाऊक होती. आंबेखोलच्या दिवाणखान्यात सुळ्यांच्या सात जोड्या होत्या, प्रत्येकीखाली पितळी पट्टी. 'चि. संग्राम भुजंगराव देसाई' आणि तारीख. लग्नाच्या बोलणीत त्या आम्हाला दोनदा दाखवल्या होत्या.

"मग तुझ्या आबांना कधीच कळलं नाही?"

"कसं कळेल? त्यांच्या समोर मी कधी बंदूक हातात धरली नाही. एकदा तरी त्यांच्या समोर..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि रायफल खाली ठेवली. "जाऊ दे. ही घ्या. आणि ती हातभर दुर्बीण नको. हाक्यात सावज पळत येतं, मोठ्या दुर्बिणीत नुसती झुडपं दिसतात. लहान आहे का, मिस्त्री?"

मिस्त्रींनी वीतभर लांबीची दुर्बीण काढली, रायफलीवर धरली, तिच्या डोळ्यापासून तीन बोटं अंतर मोजलं आणि खडूनं खूण केली. मग त्यांनी फीत उचलली आणि माझ्याकडे वळले.

"मापाचं काय करू, साहेब? कुणाचं घालू?"

मी पुडकं या बगलेतून त्या बगलेत घेतलं.

"हिचं."

"वेडे आहात का?" विजयमाला म्हणाली. "पाडव्याला बार तुम्हाला काढायचाय. आबा वर्षभर तेवढ्यावरच बोलतात. तुम्ही चुकलात तर..."

"पावणेपंधराच्या दस्त्यानं मी चुकणारच. आखूड दस्त्यानंही चुकणार. मग चांगलं लाकूड माझ्या मापाला कशाला वाया घालवायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पण तिचा उजवा हात कोपरात मोडला गेला होता. मिस्त्रींनी वेळ न घालवता फीत लावली. "सव्वातेरा," ते म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी रायफलीच्या पट्ट्याला बांधली.

सासरे आले ते थेट चिठ्ठीवर. त्यांची नजर उणे काहीच नव्हती.

"सव्वातेरा? ह्या शिडीला सव्वातेरा? मिस्त्री, भांग घेतली काय?"

"चष्म्यामुळं, मामा," मी म्हणालो. "चष्मा असला की मान आपोआप मागं जाते. मान मागं गेली की खांदा पुढं येतो. खांदा पुढं आला म्हणजे अंतर कमी झालं. ज्या अर्थी अंतर कमी, त्या अर्थी दस्ता आखूड."

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असं विधान केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. सासऱ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"विलायतेत असंच करतात, आबासाहेब," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. "चष्मेवाल्याला आखूडच."

विलायतेपुढे सासऱ्यांचा इलाज नव्हता.

पुढचे दहा-बारा दिवस मी कुठंच नीट बसलो नाही. कॉलेजात फळ्यावर 'सर्व माणसे मर्त्य आहेत' लिहिलं आणि पुढचं विसरून खिडकीबाहेर बघत राहिलो. कावळे, कुत्री, प्राचार्य, जे हलेल त्यावर मनातल्या मनात नेम धरत होतो आणि मनातही तो चुकत होता. घरी आलो की विजयमाला माझ्या खांद्याला छत्री लावून शिकवणी घेई.

"चाप ओढू नका, दाबा. लिंबू पिळतात तसा. आणि डोळे मिटू नका."

"मिटले नव्हते."

"छत्री आहे ती, तरी मिटलेत."

दररोज शिकवणी संपली की ती म्हणायची, "लागलं नाही तरी चालेल." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

माप देण्यापलीकडे मी काही ठरवलेलं नव्हतं, हे आज कबूल करतो. आखूड दस्त्याची रायफल घेऊन आपण लांब हातानं डुकरापुढे उभे राहणार आणि पुढं काय ते डुक्कर ठरवणार, एवढीच माझी योजना होती.

ती सुधारली लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. आंबेखोलच्या दिवाणखान्यात, त्या सात जोड्यांच्या खाली, लक्ष्मीच्या शेजारी माझी रायफल चौरंगावर ठेवली होती. नवी वस्तू, नवा जावई, म्हणून पूजेला आम्हा दोघांना बसवलं. दुर्बिणीच्या भिंगावर कुणीतरी भक्तिभावानं कुंकू लावलं होतं. विजयमालेनं ते आपल्या पदरानं तीनदा पुसलं, तरी सासूबाई चौथ्यांदा लावून गेल्या.

मी पळीत पाणी घेतलं तसे भटजी म्हणाले, "बाईसाहेब, यजमानांच्या हाताला हात लावा."

विजयमालेनं दोन बोटं माझ्या दंडाला टेकवली.

"हे कशासाठी?" मी विचारलं. बोहल्यावरही मला हे करायला सांगितलं होतं, पण तेव्हा प्रश्न विचारायची सोय नसते.

"कर्म जोडीनं व्हावं लागतं. एकानं केलं, दुसऱ्यानं नुसता हात लावला, म्हणजे दोघांनी केल्यासारखं होतं."

"आणि हात लावला नाही तर?"

"तर अपुरं."

मी पाणी सोडलं. ते ताम्हनाबाहेर गेलं, कारण माझं लक्ष भलतीकडे होतं.

पाडव्याला सकाळी अंगणात चाळीसेक हाकेकरी जमले होते. डबे, ढोल, काठ्या. रणनवरे गुडघ्यापर्यंत बूट घालून आपलं डुक्कर नव्यांना सांगत होते. ते आता म्हशीएवढं झालं होतं. स्कूटरवाले ओसरीवर लेकरं सांभाळत होते. भटजी फराळाचं ताट संपवत होते. सासऱ्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, कपाळावर गुलाल लावला आणि म्हणाले, "चला, प्राध्यापक. बार काढा."

"एक शंका आहे, मामा."

"आत्ता?"

"पहिला बार हे शुभकार्य की नाही?"

"म्हंजी काय! हजार वेळा शुभ."

"मग ते जोडीनं व्हायला पाहिजे. नाहीतर अपुरं. भटजी काल म्हणाले."

रणनवरे मोठ्यानं हसले आणि कुणीच हसत नाही असं पाहून थांबले.

"काय मास्तर, बाईमाणूस घेऊन हाक्याला?" ते म्हणाले. "मग पाळणा पण बांधू की झाडाला!"

सासऱ्यांचा चेहरा तांबडा झाला होता. पण रीत मोडणं हा त्यांचा प्रांत नव्हता, आणि मी त्यांना रीतच दाखवत होतो. त्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजींच्या तोंडात चिरोटा होता. तो गिळून त्यांनी निर्णय दिला, "शास्त्राचा विरोध दिसत नाही. हात लावण्यापुरत्या बाई जवळ असाव्यात."

"हात लावण्यापुरत्या," सासरे दातांतून म्हणाले.

दारात उभी असलेली विजयमाला माझ्याकडे अशी बघत होती, की सावज कोण आहे याचा क्षणभर मला प्रश्न पडला.

आमची जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका झाडाच्या बुंध्याशी होती. डावीकडे शंभर पावलांवर झाडीआड रणनवरे, उजवीकडे सासरे. कुणालाच कुणी दिसत नव्हतं. पलीकडच्या उतारावर डबे वाजू लागले.

"हे काय केलंत?" विजयमाला दबक्या आवाजात म्हणाली.

मी रायफल तिच्यापुढे धरली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही मारा. मी हात लावते."

"मला समोरचं झाड आंब्याचं की जांभळाचं तेही कळत नाही."

"अंजनाचं आहे. अहो, आबांना कळलं तर?"

"मग दुकानात 'एकदा तरी त्यांच्या समोर' कशाला म्हणालीस? त्यांना कळू नये म्हणून?"

ढोल जवळ आले. मग तिनं चपला काढल्या, अनवाणी पाय पालापाचोळ्यात घट्ट रोवले, पदर खोचला आणि रायफल घेतली. सव्वातेरा इंच तिच्या खांद्यात बसले आणि दिसेनासे झाले. मी तिच्या मागं उभा राहिलो. काय करावं कळेना. मग उजव्या हाताची दोन बोटं तिच्या कोपराला टेकवली. कोपर थरथरत होतं. मला वाटलं होतं, फक्त मीच थरथरतोय.

झुडपं फुटली. एक काळा गठ्ठा ओढ्यातून वर आला, आमच्या उजव्या हाताला वळला आणि धावत सुटला. तिचं कोपर थरथरायचं थांबलं. मला ते बोटांना कळलं. बार झाला.

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा डुक्कर घसरत घसरत करवंदीच्या जाळीत जाऊन पडलं होतं आणि पलीकडून हाकेकरी ओरडत होते, "पडलं! पडलं! जावईबापूंनी पाडलं!"

सगळ्यांत आधी रणनवरे आले. त्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "मानलं मास्तर! पळत्यावर? आणि एका गोळीत?" हाकेकऱ्यांनी मला उचलायची तयारी केली. कुणीतरी ढोल धरला. खोटं कशाला सांगू, तेवढा वेळ मी पण संग्रामदादा झालो होतो. फार बरं वाटत होतं. गप्प राहायला काहीच करावं लागत नव्हतं. विजयमाला रायफल छातीशी धरून खाली बघत उभी होती. तिला त्या गप्प राहण्याची सवय होती, ती आठव्यांदाही गप्पच राहिली असती.

सासरे गर्दीतून पुढं आले. त्यांनी डुक्कर पाहिलं, अंतर पाहिलं. मग तिच्या हातातली रायफल पाहिली.

"बार कुणाचा?" त्यांनी विचारलं.

शिकारीतला हा रिवाजाचा प्रश्न. ज्याचा बार त्यानं नाव सांगायचं.

"मी नुसता हात लावला होता, मामा," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"काल हिनं जसा लावला होता, तसा."

ढोल थांबला. रणनवऱ्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

"पण मामासाहेब, परवाना तर मास्तरांच्या..."

"तुमी गप बसा," सासरे त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "मालू, बोल्ट उघड."

तिनं उघडला. रिकामं काडतूस उडून पाल्यात पडलं. सासऱ्यांनी ते वाकून उचललं, नाकाशी धरलं. किती तरी वेळ ते त्याचा वास घेत राहिले.

"पैलंच?"

विजयमालेनं माझ्याकडे पाहिलं नाही. भावाकडे बघायची सोय नव्हती, तो त्या दिवाळीला मुंबईहून आलाच नव्हता.

"आठवं, आबा."

सासऱ्यांचे ओठ हलले. ते मोजत होते. सातवर येऊन थांबले आणि त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. मला वाटलं, आता हे आपल्याला स्कूटरवर बसवून सांगलीच्या वाटेला लावतात.

"संग्राम?"

"दादाला झोप लागायची मचाणावर. त्याचा दोष नाही, आबा. तो सांगणार होता. तुम्ही त्याला मिठी मारलीत."

सासरे हाकेकऱ्यांकडे वळले. चाळीस माणसं चाळीस वेगवेगळ्या दिशांना बघत होती. धोंडी नावाचा म्हातारा हाकेकरी आभाळातला पाऊस शोधत होता.

"धोंड्या. समद्या गावाला ठावं होतं?"

"गावाला न्हाई, आबासाहेब," धोंडी म्हणाला. "हाकेकऱ्यास्नीच."

"आनि मला सांगितलं न्हाई."

"तुमी लई खुशीत हुता."

सासरे पुढं होऊन डुकराजवळ उकिडवे बसले, बोटानं केस बाजूला करून जखम पाहिली. पाठ आमच्याकडे होती. ती पाठ दोनदा हलली. मग त्यांनी घसा खाकरला.

"किती पावलं?"

"सत्तर," विजयमाला म्हणाली.

"मान का न्हाई धरलीस?"

"मान हलत होती, आबा. खांदा धरला, थोडा पुढं."

"किती पुढं?"

"दोन विती."

"दीड पुरली असती. वळल्यावर ते सावकाश झालं हुतं." ते उठले. "चल, दाखव. कुठं हुतीस उबी?"

ती त्यांना जागा दाखवायला घेऊन गेली. तिथं त्यांनी तिचे पाय कुठं होते ते पाहिलं, स्वतः उभं राहून हात बंदुकीसारखा धरून बघितला, मान हलवली. मग दोघं बोलत बोलत उताराला लागले. वारा कुठून होता, चाप जड की हलका, त्या दुसऱ्या डुकराला कानामागं कशी गोळी लागली होती, तेव्हा अंधार होता की उजेड. रायफल तिच्या खांद्यावर होती. सासरे मधेच थांबत, हात उंच करून काही दाखवत, आणि ती हसत त्यांचा हात खाली करून दुसरंच काही दाखवी. मागून डुक्कर खांद्यावर घेतलेले हाकेकरी गेले. त्यांच्या मागून रणनवरे, अगदी मुके.

माझी आठवण कुणाला आली नाही. मी झाडाशी परत गेलो, बुंध्याशी राहिलेल्या विजयमालेच्या चपला उचलल्या, एकमेकींवर आपटून माती झाडली आणि त्या हातात घेऊन खाली निघालो. वाटेत काटे होते. ती अनवाणीच पुढं गेली होती, पण तिला हाक मारावी असं काही मला वाटेना.